पट्टा म्हणतो गाय दहा तास निवांत, मग दूध का घटलं?

कृष्णाकाठ | १२ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून पहिला धागा काढतोय.

वाळवा तालुक्यात आमचा गोठा. सोळा जनावरं, सगळी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. अकरा दुधात, तीन भाकड, दोन कालवडी. करणारे आम्ही तिघं, आई, आप्पा आणि मी. गेल्या दिवाळीला गायींच्या गळ्यात बांधायचे सेन्सरचे पट्टे घेतले. घ्यायचं कारण एकच, माज, म्हणजे गाय भरवण्याजोगी होते तो काळ. गाय माजावर येणार रात्री दोनला, आम्ही गोठ्यात जाणार पहाटे साडेचारला, तोवर तिचं उड्या मारणं संपलेलं. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले, वैरण तेवढीच आणि वेत पुढं ढकललं.

त्या कामात पट्टा खरा उतरला, हे आधी सांगतो. चांदणी नावाची गाय मुक्या माजाची. ना हंबरणं, ना दुसरीवर चढणं, बळस (माजातला चिकट स्राव) सुद्धा धड दिसत नाही. तीनदा उलटलेली, म्हणजे भरवूनही गाभण न राहिलेली. फेब्रुवारीत पहाटे तीनला मोबाईल वाजला, संध्याकाळी रेतन करून भरवली, आज गाभण आहे. आईचं म्हणणं असं की तिला आदल्या रात्रीच कळलं होतं, चांदणी वैरण उधळत होती म्हणून. पण आईनं ते सकाळी सांगितलं, पट्ट्यानं रात्री.

फजितीही सांगतो. परवा बेंदूर झाला. गायी धुतल्या, शिंगं रंगवली, घुंगरमाळा घातल्या, गावातनं मिरवून आणल्या. संध्याकाळी ॲपवर लाल दिव्यांची रांग. सोळाच्या सोळा माजावर! त्यात सात महिन्यांची गाभण पण.

आता मूळ अडचण. जूनपासून दूध घटलंय. एकदम नाही, रोज थोडं थोडं. मुरघास तोच, पेंड तीच, कडबा कुट्टी तीच. ताप नाही, दगडी (कासेची सूज) नाही. ॲप म्हणतं विश्रांती दहा ते साडेदहा तास. वाचलं होतं की गायीला दहा-बारा तास विश्रांती लागते, म्हणजे ते ठीक. रवंथ आधी साडेसात तास होतं, आता पावणेसातच्या आसपास. पट्टेवाल्यांच्या माणसाला फोन केला तर "सर, ॲपवर सगळं हिरवं आहे" म्हणाला.

कुठं चुकतंय?

खवचट_खंडू | १२ जुलै, रात्री १०:३०

गायीला घड्याळ बांधलंत, आता तिला रोज दहा हजार पावलांचं टार्गेट द्या. आमच्या हिच्या मनगटातलं घड्याळ तिला दर तासाला उठवतं.

बाकी बेंदराचं वाचून खुर्चीतून पडलो.

जनावरवैद्य | १२ जुलै, रात्री ११:०५

कृष्णाकाठ, धागा चांगला काढलात. संगमनेरकडे प्रॅक्टिस करतो, असे पट्टे लावलेले गोठे बघितलेत.

आधी माजाचं, कारण वाचणाऱ्या पुष्कळांना तेच हवं असेल. जनावर माजात जास्त हलतं ही गोष्ट गुराख्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. ती मोजून दाखवली अमेरिकेत किडी यांनी, १९७७ साली, गायींच्या पायाला पेडोमीटर (पावलं मोजणारं यंत्र) बांधून. पुढे इस्रायलमधल्या आफिकिम किबुत्झच्या (सामुदायिक शेतीच्या वसाहतीच्या) लोकांनी त्याचा धंदा केला. चांदणीसारख्या गायीला हे वरदानच. फक्त अलार्म आल्या आल्या रेतनाला पळू नका. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर सकाळी. माज सुरू झाल्यापासून बीज सुटायला साधारण एक दिवस ते तीस तास लागतात.

आता रवंथ. पाऊण तास घट ही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. एका गायीचं रवंथ पडलं असतं तर मी त्या गायीकडे बघितलं असतं. सगळ्यांचं एकदम पडलंय, म्हणजे गोठ्यात काहीतरी बदललंय. जूनमध्ये काय बदललं? वैरण सोडून बोला.

विदाशून्य | १३ जुलै, सकाळी ७:४८

पुण्यात सेन्सरच्याच कामात आहे, गायीच्या नव्हे, पंपांच्या. पण आत बसलेली चिप एकाच जातीची, ॲक्सेलरोमीटर. मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते, ती ज्याच्यामुळे फिरते तोच.

या चिपला गाय कळत नाही. तिला तीन दिशांचा धक्का कळतो आणि खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण कळतं, एवढंच. बाकी सगळा अंदाज. गाय रवंथ करते तेव्हा सेकंदाला साधारण एक चावा, मिनिटभर चघळून झालं की घोट खाली जातो, दोन-चार सेकंद शांतता, मग पुढचा घास वर. ही लय इतकी नियमित आहे की गळ्यातल्या चिपला ती सहज पकडता येते. खाताना मान खाली आणि हिसके. माजात सगळंच वाढलेलं. मग उरलं काय? जेव्हा यातलं काहीच चालू नाही, ते "विश्रांती".

माझा प्रश्न: गाय उभी राहून गप्प असली, तर तुमचा पट्टा काय लिहितो?

बेंदराचं उत्तर सोपं आहे. तुमची प्रणाली प्रत्येक गायीची तिच्याच मागच्या काही दिवसांशी तुलना करते. अख्खा कळप एकदम हलला तर ती कळपाची सरासरी वजा करायला हवी होती, ती करत नाहीये. कंपनीला कळवा. घुंगरमाळेचं मात्र पट्ट्यावरच आपटणं झालं असणार, त्याला कुणी काय करणार.

माहेरची_म्हैस | १३ जुलै, सकाळी ९:२०

विदाशून्य यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

कृष्णाकाठ दादा, ॲप बंद करा आणि उद्या पहाटे धारेच्या आधी बॅटरी घेऊन गोठ्यात जा. प्रत्येक गायीची मांडी आणि कासेची बाजू बघा. बसलेल्या गायीला शेणाचा डाग असतोच, कितीही झाडा. जिची मांडी कोरडी चकचकीत, ती रात्रभर उभी होती. माझ्या सासूबाई असंच ओळखायच्या, "आज ही बसली नाही, दूध कमी देईल," आणि द्यायचीच.

करवीरला आमच्या मुऱ्हा म्हशी आहेत, आठ. म्हशींना हे पट्टे चालतात का हे मला विचारायचंच होतं. आमच्याकडे मुका माज हा अपवाद नाही, नियमच आहे.

कृष्णाकाठ | १४ जुलै, सकाळी ६:१०

ताई, हात जोडतो.

आत्ता बघून आलो. अकरातल्या सहा गायींच्या मांड्या लख्ख. आप्पा मागनं म्हणाले, "स्वच्छ हाईत की, त्यात काय झालं?" आम्ही इतके दिवस यालाच चांगला गोठा समजत होतो.

डॉक्टरसाहेब, जूनमधला बदल सांगतो. उन्हाळाभर गायी रात्री मागच्या मोकळ्या कुंपणात असायच्या, मुक्त संचार केलेला आहे. पाऊस सुरू झाला, तिथं गुडघाभर चिखल. म्हणून आत कोब्यावर दावणीला बांधल्या. रबरी मॅट होत्या, खाली मूत साचून वास यायला लागला म्हणून मीच मे महिन्यात काढल्या. दावं आप्पांनी आखूड केलंय, एकमेकींना मारतात म्हणून.

सीसीटीव्ही आहे, चोरीच्या भीतीनं लावलेला. कालच्या रात्रीचं पळवून बघितलं. हरणी साडेअकरापासून सव्वातीनपर्यंत उभी. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. ॲपवर तोच वेळ: विश्रांती, विश्रांती, विश्रांती.

जनावरवैद्य | १४ जुलै, दुपारी २:३५

सापडलं म्हणायला हरकत नाही.

गाय दिवसातून दहा-बारा वेळा बसते, एकेक बैठक तासाभराची. बेरीज दहा ते बारा तास, चांगल्या जागी त्याहून जास्त. दहा-बारा तासांचा जो आकडा तुम्ही वाचलात तो *बसण्याचा* आहे, गप्प राहण्याचा नाही. बसल्यावर कासेकडचा रक्तपुरवठा वाढतो, खुरांवरचा भार उतरतो, खूर वाळतात. रवंथही बसून जास्त होतं, तुमची पाऊण तासाची घट तिथनंच आली असावी. गायीला खाणं आणि बसणं दोन्हीत कपात करायची वेळ आली तर ती पुष्कळदा खाणं सोडते, बसणं नाही. बसण्याची भूक इतकी असते.

आखूड दाव्याबद्दल आप्पांना एक गोष्ट दाखवा. घोडा पुढच्या पायांवर आधी उठतो, गाय मागच्या. मागचं धड उचलायला ती डोकं आणि मान पुढे झोकून देते, त्यासाठी समोर दोनेक फूट तरी मोकळी जागा लागते. समोर गव्हाणीची भिंत आणि मानेला आखूड दावं, म्हणजे उठताना धडपड, कोब्यावर खूर घसरणार. असं दोन-तीनदा झालं की ती बसायचंच टाळते. बसलेल्या गायीपाशी उभे राहा आणि तिला उठताना बघा. पुढचे पाय आधी उभे करून, कुत्र्यासारखी मागच्या धडावर बसून मग उठत असेल तर जागा कमी आहे.

आणि विश्रांती म्हणजे झोप असंही समजू नका. फ्रान्समध्ये रुकबुश यांनी सत्तरच्या दशकात गाय, घोडा, मेंढी, डुक्कर यांच्या मेंदूच्या विद्युतलहरी चोवीस तास नोंदवल्या होत्या. गाय खरी झोपते जेमतेम चार तास, आणि त्याच्या दुपटीच्या आसपास वेळ नुसती पेंगते. स्वप्नांची म्हणतात ती झोप तर तासाभराचीही नाही, आणि तिच्यात मानेचे स्नायू सैल पडतात म्हणून डोकं कुशीवर टेकवावं लागतं. उभ्या गायीला ती मिळतच नाही. हरणी पेंगत होती, एवढंच खरं.

वैनगंगा | १४ जुलै, रात्री ८:५०

धागा गायींचा आहे, पण राहवत नाही. वन्यजीवांच्या कामात थोडीफार लुडबुड करतो. आमच्याकडे पट्टा म्हटलं की टिपेश्वर अभयारण्यातला वॉकर वाघ. रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं की गडी यवतमाळातून निघून २०१९च्या अखेरीला बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पण त्यातून कळतं तो *कुठे* आहे. तो झोपलाय की दबा धरून बसलाय, हे नकाशावरच्या ठिपक्यांवरून कळणं महाकठीण.

हत्तींच्या बाबतीत यावर नामी युक्ती केली होती. बोट्स्वानातल्या चोबेमध्ये दोन हत्तीणींच्या सोंडेत, कातडीखाली, हालचाल मोजणारा छोटा सेन्सर बसवला. कारण हत्तीची सोंड जागेपणी कधी गप्प नसते. सोंड पाच मिनिटं निश्चल, म्हणजे झोप, असं धरलं. २०१७ साली निष्कर्ष आला की त्या हत्तीणी दिवसाला सरासरी दोन तास झोपतात, तेही बरेचदा उभ्यानं, आणि काही वेळा तर ४६ तास झोपेशिवाय चालत राहिल्या. गळ्यात कॉलर होतीच, पण ती जागा आणि शरीराचा कल सांगायला.

म्हणजे कुठला अवयव निवडला यावर सगळं.

विदाशून्य | १४ जुलै, रात्री ९:३०

वैनगंगा, सोंडेचं भारीच!

गायीच्या बाबतीत तुमचा "अवयव" म्हणजे मागचा पाय. पट्टा गळ्यात असला की गाय बसली काय, उभी काय, मानेचा कोन साधारण तोच. पायाला बांधला तर प्रश्नच मिटतो. गाय उभी असेल तर पाय उभा, गुरुत्वाकर्षण पायाच्या लांबीच्या दिशेनं पूर्ण एक जी (गुरुत्वाकर्षण मोजायचं एकक). बसली की पाय आडवा, त्या दिशेचा आकडा शून्याजवळ. यात कुठलीही कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, एक जर-तर पुरतं. मिनिटाला एक नोंद बास.

कृष्णाकाठ, एमपीयू-६०५० ही ॲक्सेलरोमीटरचीच चिप, एक छोटा बोर्ड, मेमरी कार्ड आणि बॅटरी, एवढ्यात काम होईल. मी दोन डब्या करून पाठवतो. मागच्या पायाला, खुराच्या सांध्याच्या वर, बाहेरच्या बाजूनं, आत कापूस घालून चिकटपट्टीनं गुंडाळायची. घट्ट नको, दर दोन दिवसांनी सोडून बघायचं. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खवचट_खंडू | १४ जुलै, रात्री ९:४१

बांधलेल्या गायीची पावलं मोजून माज ओळखता येतो का हो? म्हणजे जायला जागाच नाही तर ती बिचारी माजात तरी कुठे चालणार? (हा प्रश्न खवचट नाही.)

जनावरवैद्य | १४ जुलै, रात्री १०:१५

खंडू, नोंद घ्या, पहिल्यांदाच कामाचं बोललात. बांधलेल्या जनावरात पावलांवरचा भरवसा कमी होतो, जागेवर पाय बदलणं तेवढं वाढतं. मोकळ्या गोठ्यात फरक ठळक दिसतो. दावणीच्या गोठ्यावाल्यांनी पट्टा घेण्याआधी हे विचारात घ्यावं. माहेरची_म्हैस ताई, तुमचंही हेच. त्यात म्हैस माजात गायीइतकी फिरत नाही, आणि प्रणाली एचएफच्या आकड्यांवर शिकलेली असेल तर म्हशीला ती कायम आळशी गायच समजणार. विकणाऱ्याला आधी विचारा, म्हशींवर चालवून बघितलंय का.

कालव्याकाठी | १५ जुलै, पहाटे ३:०२

नेदरलँड्समधून. इथे पुष्कळ गोठ्यांत पट्टा असतोच, तो वाचून रोबो धार काढायला गायीला आत घेतो. तरीही शेजारच्या शेतकऱ्यानं मला जी तपासणी शिकवली तिला वीजही लागत नाही. गाय जिथे बसते तिथे आपण उभ्यानं एकदम गुडघ्यांवर पडायचं. आपण कळवळलो तर गायही कळवळते. पडल्यावर दहा सेकंद तसंच राहायचं आणि पँट बघायची. ओली झाली तर जागा नापास.

आप्पांना करायला सांगू नका, तुम्ही करा.

कृष्णाकाठ | ३ ऑगस्ट, रात्री ११:२०

उशीर झाला, पाऊस आणि ऊस दोन्हीनी गाठलं.

गुडघ्यांवर पडलो. दोन दिवस लंगडत होतो. विषय संपला.

विदाशून्य दादांच्या डब्या आल्या. एक हरणीला, एक लक्ष्मीला बांधली, पाच दिवस. काहीही न बदलता हरणीचं बसणं दिवसाला सरासरी सहा तास, लक्ष्मीचं साडेसात. तेव्हा पट्ट्यावर दोघींची "विश्रांती" दहाच्या वर.

मग मॅट परत घातल्या, पण आधी कोब्याला मागच्या बाजूला उतार काढून मूत जायला वाट केली. वरनं उसाच्या चोयट्या आणि भुसा. दावं हातभर वाढवलं. यावर घरात दोन दिवस अबोला होता. आप्पांचं म्हणणं, "मारामारी झाली, शिंग मोडलं तर तुझा आकडा येनार हाय का रक्त पुसायला?" म्हणून हरणी आणि तांबूची जागा बदलली, त्या दोघीच भांडखोर.

आठवड्यानं हरणी साडेदहा तास. दूध हळूहळू परत येतंय, पूर्ण नाही. लक्ष्मीनं तर कमाल केली, आधी अकरा, मग तेरा, परवा चौदा तास! सगळ्यात आधी तिनंच जागा स्वीकारली असं दिसतंय. फोटो टाकतो.

माहेरची_म्हैस | ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

हरणीचं वाचून बरं वाटलं. लक्ष्मीचं वाचून नाही वाटलं. तिच्या दुधाचं तुम्ही काहीच लिहिलं नाही.

जनावरवैद्य | ४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

ताईंना दुजोरा. तेरापर्यंत मीही खूश होतो. चौदाला प्रश्न पडतो. बैठका किती, आणि एकेक किती लांब? कमी वेळा आणि दोन-दोन तासांच्या बैठका असतील तर ती आरामात नाहीये, तिला उठायचं नाहीये. आजच मागचे खूर उचलून बघा. विशेषतः मागचा बाहेरचा नखुला, म्हणजे खुराच्या दोन भागांतला बाहेरचा.

कृष्णाकाठ | ४ ऑगस्ट, रात्री ९:५५

मागचा डावा, बाहेरचा नखुला. तळव्याला जखम, आत काळं झालेलं. खूर साळणारा माणूस इस्लामपुराहून बोलावला. त्यानं वाढलेलं नख काढलं, आतल्या चांगल्या नखुल्याला लाकडी ठोकळा चिकटवला म्हणजे जखमी नखुला अधांतरी राहतो. जून-जुलैभर कोब्यावर उभी राहून झालंय म्हणाला.

बैठका सात होत्या, त्यातली एक पावणेतीन तासांची. आकडा माझ्यासमोर होता आणि मी त्याचा फोटो काढून इथं टाकायला निघालो होतो.

दूध: हरणी वाढली, लक्ष्मी दीड लिटरनं कमी. ताई, म्हणूनच लिहिलं नव्हतं.

विदाशून्य | ५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

माझ्या जर-तरमध्ये बैठकांची मोजणी घालतो. उभं-बसलं बदल झाला की एक मोजायचा, पण गाय पाय झटकते तेव्हा खोटा बदल येतो, म्हणून दोन मिनिटांपेक्षा लहान बदल सोडून द्यायचे. डब्या परत पाठवू नका, मेमरी कार्ड तेवढं पाठवा.

खवचट_खंडू | ५ ऑगस्ट, सकाळी ९:००

कमी बसली तरी आजारी, जास्त बसली तरी आजारी. आमच्या ऑफिसात हेच धोरण आहे.

कृष्णाकाठ | ३१ ऑगस्ट, रात्री १०:४०

शेवटची खबर. लक्ष्मी बारा तासांवर आली, बैठका दहा. ठोकळा गळून पडला. उघडीप मिळाली तसा मागच्या कुंपणात मुरूम टाकून घेतोय, दिवाळीच्या आधी रात्री मोकळ्या सोडता येतील.

आप्पा ॲप उघडत नाहीत. पहाटे बॅटरी घेऊन मांड्यांवरचं शेण बघत फिरतात आणि मग मला विचारतात, "तुझं यंत्र काय म्हनतंय?" काल दोघांचं जुळलं नाही. ते म्हणाले तांबू बसली नाही, डबी म्हणाली नऊ तास. बघितलं तर तांबूची डबी सैल होऊन पायावर आडवी झाली होती.

ताई, गणपतीच्या मिरवणुकीचा डीजे आमच्या गोठ्यावरनं जातो. त्या रात्रीचे आकडे टाकू का?

माहेरची_म्हैस | ३१ ऑगस्ट, रात्री ११:०२

टाका. आणि विदाशून्य दादा, एक डबी करवीरला. पण पाण्यात बुडाली तरी चालणारी, माझी गंगू दुपारभर डबक्यात असते.